सर्टिफिकेटाला हळदकुंकू

शालन सिस्टरनं सत्तावीस वर्षांच्या नोकरीत स्वतःचं नर्सिंगचं सर्टिफिकेट सत्तावीस वेळा पाहिलं. दर खंडेनवमीला एकदा. तेवढ्या काळात खंडेनवम्या अठ्ठावीस आल्या, पण मधली एक बाळंतपणाच्या रजेत हुकली, नाहीतर आकडा एकानं वाढला असता.

खंडेनवमीला इस्लामपुरातल्या त्या दवाखान्यात हत्यारांची पूजा असते. कात्र्या, चिमटे, सोनोग्राफीचं मशीन, जनरेटर, अँब्युलन्स, सगळ्यांना झेंडूच्या माळा. आणि त्याच रांगेत, पाटावर, लाल कापड अंथरून, सगळ्या सिस्टरांच्या मूळ सर्टिफिकेटांचा गठ्ठा. मालकीणबाई, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी राजेश्वरी मॅडम, कपाटातून तो गठ्ठा काढतात, एकेक कागद मांडून करंगळीशेजारच्या बोटानं त्याला हळदकुंकू लावतात, ओवाळतात, आणि दुसऱ्या दिवशी सोनं लुटून झालं की सगळं परत कपाटात. किल्ली कमरेला. पूजेतली वस्तू मधेच उचलू नये, हे तिथल्या प्रत्येक मुलीला पहिल्याच वर्षी सांगितलं जातं.

हत्यारांच्या पंगतीत हे कागद कसे, असं कुणी विचारत नाही. विचारायचं कारणही नाही. त्या दवाखान्याचं सगळ्यात धारदार हत्यार तेच आहे.

दवाखान्याचं नाव मी सांगत नाही. पाटीच एवढी मोठी आहे की नाव सांगायची गरज पडू नये. पूर्वी तिथं दहा खाटा होत्या, डॉक्टर जयराज स्वतः रक्तदाब मोजायचे, आणि राजेश्वरी मॅडमना सगळ्या ‘वहिनी’ म्हणायच्या. मग तीन मजले चढले, लिफ्ट आली, आणि वहिनींच्या मॅडम झाल्या. कपाट मात्र तेच राहिलं. डॉक्टरांच्या केबिनमध्ये, गणपतीच्या फोटोखाली, डांबरगोळ्यांच्या वासाचं.

शालन कवठे महांकाळकडची. वडील कोंडीबा खोत, पावसावर जेवढं येईल तेवढं पिकवणारे. लेकीला मिरजेत नर्सिंगला घातलं, तेव्हा भावकीनं त्यांना वेड्यात काढलं होतं. पोरगी तीन वर्षांत पास झाली आणि सर्टिफिकेट घेऊन आली. कोंडीबांनी हात धुऊन, पुसून, मग तो कागद धरला. त्यावर शालनचा दोन वेण्यांचा फोटो होता आणि संस्थेचा सोनेरी शिक्का. लग्न होऊन ती इस्लामपुरात आली, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी डॉक्टर जयराजांनी तो कागद हातात घेऊन म्हटलं, “मूळ प्रत इथंच राहू दे. वाळवी लागत नाही आमच्या कपाटाला. आणि तू आता घरचीच.”

बावीस वर्षांच्या पोरीला नव्या गावात पहिल्याच दिवशी कुणी घरची म्हटलं, तर ती काय करणार? तिनं वाकून नमस्कार केला.

पुढं कळलं, की त्या दवाखान्यात ‘घरची’ हा हुद्दा आहे. घरच्यांनी रजा मागायची नसते. घरच्यांनी घड्याळ बघायचं नसतं. घरचं कार्य असलं की घरच्या बायका शेवटच्या पंगतीला बसतात, तोवर बासुंदी संपलेली असते, आणि वर ‘तुम्ही काय, घरच्याच’ म्हणून वरण वाढतात. शालन सत्तावीस वर्षं शेवटच्या पंगतीला होती.

काही मिळालं नाही असं म्हणता येणार नाही. दर दिवाळीला स्टीलचा डबा मिळाला, एकात एक बसणारे डबे, दरवर्षी एक माप लहान. दहा वर्षं झाली तेव्हा भिंतीवरचं घड्याळ मिळालं, त्यावर डॉक्टरांचा हसरा फोटो. ड्युटी सुटायची वेळ त्या घड्याळात कधी वाजली नाही. वीस वर्षांना एक पाटी मिळाली, ‘सेवाव्रती’ असं कोरलेली. त्याच महिन्यात वॉर्डाची इन्चार्ज म्हणून बाहेरून एक बाई आणल्या गेल्या, आणि त्यांना काम शिकवायचं काम शालनकडं आलं. “तूच शिकव. बाहेरच्या माणसाला काय कळतंय आपल्या घरातलं,” डॉक्टर म्हणाले.

काम मात्र तिला येत होतं. ऊसतोडीच्या फडातून उन्हानं वाळलेलं, डोळे खोल गेलेलं सहा महिन्यांचं लेकरू यावं, दोन डॉक्टरांनी आणि तीन सिस्टरांनी त्याला चाळणीसारखं टोचावं, आणि मग कुणीतरी म्हणावं, शालनताईंना बोलवा. ती यायची, लेकराचं पाऊल तळहातावर घ्यायची, बोटानं चाचपायची, डोळे मिटल्यासारखे करायची. सुई एकदाच. तिच्या हाताखाली तयार झालेल्या पोरी आज कुठं कुठं आहेत. म्हणजे, ज्यांना कागद मिळाले त्या.

न मिळण्याची रीत ठरलेली होती. कुणी राजीनामा दिला की किल्ली सापडायची नाही. मग मॅडम गावाला जायच्या. मग पंधरवडा अशुभ असायचा. शेवटी मुलगी कंटाळून थांबायची, किंवा नवी नोकरी दुसऱ्या कुणाला मिळून जायची. वर्षाअखेरीस डॉक्टर एखाद्या समारंभात सांगायचे, “आमच्याकडून माणूस जात नाही. प्रेमानं बांधलंय.” कुलूप कुठल्या कंपनीचं आहे ते सांगायचे नाहीत.

यंदा ऑक्टोबरात शालनला साताऱ्याहून बोलावणं आलं. तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलला नव्या सिस्टरांना हात धरून शिकवणारी जुनी बाई हवी होती. दिवसाचं काम, रात्रपाळी नाही. शालनचे गुडघे गेली चार वर्षं जिन्याशी भांडत होते, आणि लेक श्रद्धा साताऱ्यातच दिलेली. अट एकच. सतरा नोव्हेंबरला, सोमवारी, मूळ सर्टिफिकेट घेऊन हजर राहायचं. मूळ नसेल तर पुढच्या उमेदवाराला बोलावू, असं पत्रात साफ लिहिलं होतं.

ती डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. गणपतीखालचं कपाट तिच्यापासून चार पावलांवर होतं.

“सर, माझं सर्टिफिकेट पायजे हुतं.”

“कशाला गं?”

“लागतंय.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांना चष्मा काढून बोलायची सवय आहे, डोळ्यांत माया दिसावी म्हणून. “घरच्या माणसानं घरातला कागद मागायचा? उद्या माझी बायको म्हणेल, माझं कुंकू मला काढून द्या.”

“साताऱ्याला बोलावलंय मला. लेक तितंच हाय.”

डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. पंधरा नोव्हेंबरला दवाखान्याचा वर्धापनदिन होता. शालनचा सत्कार करू, म्हणाले. मांडव घालून, पाहुणे बोलावून, गावाच्या देखत. आणि कागदाचं नंतर बघू. मॅडमना किल्ली सापडत नाहीय सध्या.

आमच्या भागात हे औषध सगळ्या दुखण्यांवर चालतं. रस्ता मागा, सत्कार मिळतो. पाणी मागा, सत्कार मिळतो. मागणारा शालीखाली झाकला गेला की मागणं दिसत नाही.

घरी नाथाजी, शालनचे मालक, ओसरीवर चहा पीत होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, बोलणं मोजकं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. पलटणीत शिव्या देत्यात, पळवत्यात, बर्फात हुबं करत्यात, म्हणाले, पण माणूस निघाला की त्याचा कागद त्याच्या हातात देत्यात, सलाम ठोकून. मग त्यांनी एक तोड काढली.

“पोलिसात दे, हरवलं म्हणून. दुसरं निघतंय.”

“आवं, पन हरवलंय कुठं? दर वर्साला बघतीय की मी. कुकवाचं बोट लावून ठेवलंय.”

“मग चोरीला गेलं म्हण.”

“कुनी चोरलं म्हनू?”

नाथाजींनी परत कप उचलला. ज्यांनी आपल्याला घरची म्हटलं त्यांना चोर म्हणायला जीभ वळत नाही. त्या दवाखान्याचं सगळं गणित या एका जिभेवर उभं होतं.

वाट दाखवली ती वरदनं, आणि आपण काय दाखवतोय हे त्याला कळलंसुद्धा नाही.

वरद हा दवाखान्याचा नवा मॅनेजर. सांगलीचा, टाय लावणारा, प्रत्येकीला ‘मॅम’ म्हणणारा. दवाखान्याला कसलंसं मानांकन हवं होतं, तपासणीला माणसं येणार होती, आणि त्यांच्या फॉर्मात एक प्रश्न होता: जुने कर्मचारी टिकावेत म्हणून आपण काय करता? वरदनं त्या रकान्यात ‘दीर्घसेवा गौरव’ असं लिहून ठेवलं होतं. आता तो गौरव करून दाखवणं भाग होतं. रिसेप्शनच्या भिंतीवर शालनची मोठी फ्रेम लावायची, आत शिरताच तपासणीवाल्यांना दिसेल अशी, असा त्याचा बेत. तो वॉर्डात आला तेव्हा शालन एका म्हाताऱ्याचं सलाईन बदलत होती.

“मॅम, फ्रेमसाठी काहीतरी इमोशनल पाहिजे. जुना फोटो वगैरे. ड्युटीवरचा.”

“ड्युटीत फोटो कोन काढनार, साहेब? दोन्ही हात गुतलेलं असत्यात.”

वरदचा चेहरा पडला. शालननं सलाईनचे थेंब मोजले, चाक जरा फिरवलं. ती मला नंतर म्हणाली, ते थेंब मोजता मोजताच सुचलं, आधी काही ठरवलं नव्हतं.

“एक फोटो हाय माझा,” ती म्हणाली. “दोन वेण्यांचा. सर्टिफिकेटावर हाय, मोठ्या सरांच्या कपाटात. सोनेरी शिक्काबी हाय त्यावर. जुना कागद, पिवळा पडलेला.”

वरदचे डोळे चमकले. जुनं, पिवळं, सोनेरी. त्यानं खिशातून वही काढली. कलर झेरॉक्स काढून घेतो, म्हणाला.

“काढा की. फक्त झेरॉक्समधी शिक्का काळा येतोय. आनि तपासनीची मानसं म्हनं पयलं हात लावून बघत्यात, मूळ हाय का नक्कल.”

एवढंच बोलून ती पुढच्या खाटेकडं वळली.

वरद मॅडमकडं गेला. मॅडमना फारसा विचार करावा लागला नाही. कागद कपाटातून निघून भिंतीवर जाणार, कपाटही आपलं, भिंतही आपली. उलट भिंतीवरून कुणाला काढून न्यायची हिंमत होणार नाही, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत राहील. हरवलेली किल्ली पाच मिनिटांत सापडली. फ्रेमवाल्यानं सोनेरी नक्षीची चौकट केली, खाली पितळी पट्टी: ‘सत्तावीस वर्षांची अखंड सेवा. आमच्या घरातील एक.’ रिसेप्शनच्या भिंतीत ड्रिल लावून भलामोठा खिळा बसवला गेला. सत्काराच्या आदल्या दिवसापासून तो खिळा तिथं वाट बघत होता.

त्या संध्याकाळी शालननं नाथाजींना सांगितलं, उद्या गाडी घेऊन मांडवाच्या तोंडाशी थांबा, आणि उशीचा मोठा अभ्रा घेऊन या. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. फौजेतल्या माणसाला हुकूम कळतो.

पंधरा तारखेला सकाळी अकराला पार्किंगमध्ये मांडव. व्यासपीठावर पाच खुर्च्या, त्यांतली सत्कारमूर्तीची कडेची. शालनला बसायला मिळालं ते अर्ध्या तासानं, कारण पाहुणे यायच्या आधी दुसऱ्या मजल्यावर एका बाळाची शीर सापडत नव्हती आणि तिला वर बोलावलं होतं. ती खाली आली तेव्हा नव्या साडीच्या पदराला आयोडिनचा डाग होता. प्रमुख पाहुणे लालासाहेब, साखर कारखान्यावरचा वजनदार माणूस, फेटा बांधून बसलेले. समोर सगळ्या सिस्टरा एका रांगेत उभ्या, खुर्च्या पाहुण्यांना.

डॉक्टर जयराजांचं भाषण मी शब्दशः ऐकलेलं आहे, कारण त्या दिवशी मी समोरच, पाहुण्यांच्या खुर्चीत होते. ते म्हणाले, एक बाळंतपण सोडलं तर या सिस्टरनं सत्तावीस वर्षांत कधी स्वतःहून रजा मागितली नाही. टाळ्या. सासरे वारले तेव्हा तिसऱ्या दिवशी ही कामावर हजर होती. टाळ्या. हिच्या लेकीला ताप होता, ही मात्र आमच्या पेशंटच्या उशाशी बसून होती. आणखी टाळ्या. दवाखान्यानं तिचं जे जे घेतलं होतं, त्याची यादी डॉक्टर स्वतःच्या तोंडानं वाचत होते, आणि ती गौरवपत्रासारखी ऐकू येत होती. नर्सच्या सत्काराची हीच खुबी आहे. आरोपपत्र वाचायचं आणि शेवटी नारळ द्यायचा.

मॅडमनी शाल पांघरली, ओटी भरली. लालासाहेबांच्या हातून फ्रेम दिली गेली. काचेमागं दोन वेण्या, सोनेरी शिक्का, आणि वरच्या कोपऱ्यात अठ्ठावीस खंडेनवम्यांच्या कुंकवाचा एकावर एक बसून जाड झालेला तांबडा ठिपका. शालननं ती छातीशी धरली. फोटो निघाले.

फोटो संपताच वरद पुढं झाला, हसत, दोन्ही हात पसरून. “द्या मॅम, लावून घेतो भिंतीवर.”

शालननं त्याच्या हातात नारळ दिला.

त्यानं नारळ काखेत घेतला आणि परत हात पुढं केले. तिनं शाल काढून, नीट घडी करून, त्या हातांवर ठेवली. वरद हसत होता, पण आता नुसत्या दातांनी. समोर उभ्या सिस्टरांपैकी माया, तिशीतली, तिच्याच हाताखाली शिकलेली, पदर तोंडाला लावून बघत होती. तिच्याही कागदाला कपाटात चार वर्षं झाली होती.

डॉक्टर माइकजवळच होते. “शालन, फ्रेम इथं राहू दे. भिंतीवर लावायचीय.”

माइक चालू होता, त्यामुळं तिचं उत्तर सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

“सर, तुमीच म्हनताय न्हवं, मी घरची. मग घरच्याचा कागद घरात असलेला बरा. मी न्हेते घरी.”

लालासाहेब मोठ्यानं हसले. “बाई बरोबर बोलली,” म्हणाले, आणि टाळ्या वाजवल्या. प्रमुख पाहुण्यानं टाळी वाजवली की आमच्याकडं सगळ्यांना वाजवावी लागते. आधी सिस्टरांच्या रांगेनं वाजवल्या, जरा जास्तच जोरात. मग पाहुण्यांनी. मॅडमनी वाजवल्या, बांगड्यांचा आवाज न होता. सगळ्यात शेवटी डॉक्टरांनी. त्यांनी चष्मा काढला नव्हता.

ती व्यासपीठाच्या तीन पायऱ्या उतरली, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. कुणी अडवलं नाही. गावासमोर सत्कारमूर्तीच्या हातातून तिचा सत्कार हिसकावणार कोण? मांडवाच्या तोंडाशी नाथाजी गाडी चालू करून बसले होते. अभ्रा पसरला, फ्रेम आत गेली.

“सलाम ठोकला का कुनी?” त्यांनी विचारलं.

“व्हय. माइकवर.”

रविवारी मॅडमचा फोन आला. शालनच्या अंगणातल्या मुंग्या त्या फोनला लागतील एवढ्या गोड आवाजात त्या म्हणाल्या, हौस झाली ना, आता उद्या येताना फ्रेम घेऊन ये, खिळा मारून ठेवलाय. शालन म्हणाली, उद्या येणं न्हाई व्हायचं वहिनी, उद्या साताऱ्याला जायचंय. कितीतरी वर्षांनी तिनं वहिनी म्हटलं होतं. राजीनामा तिनं शनिवारीच सत्काराआधी वरदच्या टेबलावर ठेवला होता, पाकिटावर ‘दीर्घसेवा’ असं लिहून. वरदनं तो आभारपत्र समजून फाईलला लावला होता.

सोमवारी पेठ नाक्यावरून एस.टी. पकडून दोघं साताऱ्याला गेली. तिथल्या मुख्य बाईंनी फ्रेम बघितली, मागून खिळे उचकटून कागद काढायला लावला. कुंकवाच्या ठिपक्यावरून नख फिरवलं.

“हे काय आहे?”

“खंडेनवमी,” शालन म्हणाली.

बाईंना काही उलगडा झाला नाही, पण शिक्का खरा होता. त्यांनी झेरॉक्स काढून घेतली आणि मूळ कागद टेबलावरून तिच्याकडं सरकवला. शालन तशीच बसून राहिली. बाई म्हणाल्या, झालं तुमचं, घ्या ना.

“मी न्हेऊ हे?”

“तुमचंच आहे की.”

एस.टी.त परतताना तिनं ते नाथाजींना तीनदा दाखवलं, आणि तिन्ही वेळा नाथाजींनी आधी हात रुमालाला पुसले.

साताऱ्याचं हॉस्पिटल म्हणजे काही देवघर नव्हे. तिथंही वर्धापनदिन आहे आणि तिथंही शालींचा साठा असणार. पण शालनच्या कागदाची जागा आता तिच्या घरच्या ट्रंकेत आहे, नाथाजींच्या फौजेच्या पुस्तकाशेजारी.

इकडं दवाखान्यात डिसेंबरात अकरा सिस्टरांनी मिळून अर्ज दिला. मायाच्या अक्षरातला. ‘आमचाही शालन सिस्टरप्रमाणेच, मूळ सर्टिफिकेटच्या फ्रेमसह, जाहीर सत्कार करावा, ही नम्र विनंती.’ डॉक्टरांनी तो वाचून उत्तर दिलं नाही. मॅडमनी कपाटाला दुसरं कुलूप आणलं आहे म्हणे. तपासणीची माणसंही येऊन गेली. रिसेप्शनमधल्या भिंतीवर त्यांनी काय पाहिलं, ते त्यांनाच माहीत. तिथं अजून तो भलामोठा खिळा आहे, ड्रिलनं पक्का बसवलेला, निघता निघत नाही. पेशंटचे नातेवाईक त्याला डब्याची पिशवी अडकवतात.